बाबारावच्या डोक्यावरचा कावळा

बाबाराव झाडेच्या एका पत्राला मी कित्येक महिने उत्तर दिलं नाही. पत्र मुंबईहून आलं होतं आणि त्यात विचारलेलं एवढंच होतं : "नानाजी, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलं ते खरं होतं, की मी मेलो म्हणून लिहिलं?"

बाबाराव मेला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मेलेली माणसं तिकीट लावून पत्र पाठवत नाहीत. पण हा घोटाळा कसा झाला ते सांगायचं तर आधी मला एक बढाई मारावी लागेल, आणि बढाई मारायची मला सवय नाही.

देवळीच्या वाचनालयात माझी सगळी नोकरी गेली. चारचौघांत मला बोलता येत नाही. सभेला गेलो तर खांबामागची खुर्ची धरतो. कोणी पुस्तक परत केलं नाही, तर त्याच्या घरासमोरून नुसता खाकरत जातो. पण माणूस वारला की त्याच्याबद्दल माझ्यासारखं लिहिणारा आमच्या अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता! तेरवीच्या दिवशी माझा मजकूर वाचला जाई आणि माणसं ढसाढसा रडत. ज्यांनी गेलेल्याशी जन्मभर शेताच्या धुऱ्यावरून भांडण केलं, तेही रडत. जिवंत माणसाबद्दल चांगलं लिहिणं मात्र मला कधी जमलं नाही. तो समोर उभा असतो. त्याला ते खरं वाटेल का, अशी शंका येते. मग मलाच ते खरं वाटतं का, अशी दुसरी शंका येते. मेलेला माणूस या अडचणी आणत नाही.

बाबाराव आमच्याच गल्लीतला, मनकर्णाबाईचा मुलगा. तरुणपणी तो गावच्या नाटकात काम करी आणि मी पडद्याआडून शब्द पुरवी. त्याला माझी कधीच गरज पडली नाही. तरी मला वाईट वाटू नये म्हणून तो मधेच एखादा शब्द विसरल्यासारखं करी आणि माझ्याकडे बघे. इतका बारकावा असलेला माणूस मुंबईला जाणार हे ठरलेलंच होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच तो गेला.

तिकडे त्याला कामं मिळाली. हवालदार, मुनीम, डॉक्टर, नवरीचा बाप. डॉक्टर असला की तो आल्या आल्या मान हलवी आणि हातातली बॅग उचलून निघून जाई. नवरीचा बाप असला की पागोटं काढून व्याह्याच्या पायांवर ठेवी. हिरोला सूड घेता यावा म्हणून पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी मरावं लागतं, ते काम तर बाबारावकडे कायमचंच होतं. त्याचा सिनेमा वर्ध्याला लागला की देवळीची माणसं एसटीने जात आणि अंधारात एकमेकांना कोपर मारत : "थो पाह्य, थो पाह्य... गेला." खाली पडलेली शेंग उचलायला वाकलात, तर बाबारावची वर्षाची मेहनत हुकलीच.

एका सिनेमात तो असाच नवरीचा बाप होता. मुलाकडचे लोक घरी आलेत, हिरो खाटेवर बसून लांबलचक बोलतो आहे आणि बाबाराव बाजूला उभा. त्याला एक शब्दही नाही. पण हिरोच्या शेजारी चादरीला एक चुणी पडली होती. बाबारावने बोलण्याकडे कान ठेवून, हळूच, पाहुण्याला कळणार नाही अशा बेताने ती चुणी हाताने सारखी केली. एवढंच. आपल्या घरात काय कमी आहे हे माहीत असलेला बाप मी त्या हातात पाहिला. तो सिनेमा मी पुन्हा पाहिला, मग परत एकदा पाहिला. बाबाराव सुटीत गावी आला तेव्हा मी त्याला विचारलं, "मुंबईत पाणी कसं आहे?"

सत्त्याऐंशी साल उजाडलं आणि बाबारावला टीव्हीवरच्या मालिकेत थोरल्या काकाचं काम मिळालं. तेरा भाग, आणि काका प्रत्येक भागात! शूटिंगच्या आधी तो आईला भेटायला आला. अंगणात बसून दाढी करत होता, तेवढ्यात एक कावळा आला आणि थेट त्याच्या डोक्यावर बसला.

आमच्याकडे याला उपाय आहे. कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात आणि तो मेल्याचा खोटा निरोप नातेवाइकांना पाठवतात. त्यांनी एकदा रडून घेतलं की मरणाचा वाटा मरणाला मिळतो आणि माणूस सुटतो. मनकर्णाबाई लगोलग माझ्याकडे आली. मागून अर्ध्या गालाला साबण लावलेला बाबाराव.

"नानाजी, सिंदी मेघेले माह्या भावाले लिहा. बाबाराव गेला म्हना."

"माय, मी पडद्यावर इतक्या खेपा मेलो," बाबाराव म्हणाला, "त्याच्यात नाई भागत काय?"

"थे खोटं होतं."

"मंग हे काय खरं हाये?"

"थे परक्याईसाठी होतं. हे आपल्या मानसाईसाठी हाये. तू गप्प बस, तू मेला हायेस."

बाबाराव माझ्याकडे बघून हसला आणि दाढी पुरी करायला गेला.

अशा निरोपात चार शब्द पुरतात. अमका गेला, निघून या. मी कागद घेतला, मयताच्या पत्राच्या रीतीप्रमाणे कोपरा फाडला आणि लिहायला बसलो. पहिली ओळ झाली. मग मला वाटलं, एवढ्या मोठ्या नटाबद्दल एकच ओळ? तो मेला आहे म्हटल्यावर मला कसलाच संकोच उरला नव्हता. पडद्यामागून पाहिलेला बाबाराव लिहिला. चादरीची चुणी लिहिली. "ज्याला बोलायला शब्द दिले नाहीत, त्याने हातांनी घर उभं केलं," असंही काहीतरी लिहिलं. पान भरलं, मागची बाजू भरली. शेवटी माझेच डोळे भरून आले.

"इतकं काय लिहून राह्यले?" मनकर्णाबाईने विचारलं.

"गेला म्हणूनच लिहिलं," मी म्हणालो. सिंदी मेघे वर्ध्याला लागूनच, म्हणून कागद वर्ध्याच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला.

दुपार कलल्यावर गल्लीच्या तोंडापासून हंबरडा ऐकू आला. किसनराव मामा आले होते. अंगणात येऊन पाहतात तर मयत माणूस ओट्यावर बसून वडा खातोय.

"अबे, तू जिता हायेस?"

"बसा मामा. वडे गरम हायेत."

मामांनी आधी पायातली वहाण काढली, मग ती टाकून भाच्याला मिठी मारली, मग बहिणीला शिव्या दिल्या आणि मग वडे खाल्ले. "उशीर काऊन झाला रे दादा?" मनकर्णाबाईने विचारलं. "होतं एक काम," मामा म्हणाले आणि आणखी वडा मागितला. संध्याकाळच्या गाडीने बाबाराव निघाला. वाटेत नाशिकला बहिणीकडे चार दिवस राहून तो मुंबईला पोचणार होता. सगळं रीतसर पार पडलं होतं.

मामांचं काम काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वाचनालयात पेपर उघडून स्टँडवर लावायचं काम माझंच. वर्ध्याच्या एका लहानशा पेपरच्या पहिल्या पानावर बाबारावचा फोटो होता आणि त्याखाली, एक काना-मात्रा न बदलता, मी! मामांच्या घरी त्या पेपरचा, छपाईचे खिळे जुळवणारा कामगार भाड्याने राहत होता. एवढं सुंदर लिहिलेलं खिशात ठेवणं पाप आहे असं मामांना वाटलं, म्हणून येता येता त्यांनी तो कागद त्याला दिला. पुढे भाचा जिवंत भेटल्याच्या आनंदात ते विसरूनच गेले.

मी धावत एसटी पकडून वर्ध्याला गेलो. पेपरवाल्यांनी सज्जनपणे खुलासा छापला. पण मेल्याची बातमी पहिल्या पानावर होती आणि जगल्याची आत, कापसाच्या भावाखाली. पहिलीच बातमी कोणीतरी मुंबईला फोनवर वाचून दाखवली. दुसरी कोण वाचतो?

नाशिकहून निघून बाबाराव शूटिंगच्या जागी पोचला तेव्हा भिंतीवर त्याच्याच फोटोला हार घातलेला होता. मालिकेच्या लोकांनी वेळ दवडला नव्हता. थोरले काका आधीच वारले असं करून पहिले भाग उरकले होते. बाबाराव दारात दिसताच दिग्दर्शक त्याच्या गळ्यात पडून रडला म्हणतात. रडून झाल्यावर म्हणाला, झालेलं आता पुन्हा घेता येणार नाही. शिवाय काकूचं काम फार रंगतंय.

त्यानंतर ते पत्र आलं. त्यात एक रागाचा शब्द नव्हता. काम गेलं त्याचं काही नाही, असं त्याने लिहिलं होतं. तुमच्या मजकुराचं पेपरातलं कात्रण कोणीतरी तिथल्या भिंतीला चिकटवलं होतं, ते मी काढून घेतलं. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी लिहिलं ते पहिल्यांदाच. आता माझं मन ठरत नाही. ते खरं असेल तर इथेच राहून आणखी धडपडतो. नुसतं मयताचं असेल तर गावी येतो, वावर कसायला आहेच. तुम्ही लिहाल तसं करीन.

हे वाचून माझी झोप उडाली. एका माणसाचा जन्म मी कसा ठरवायचा? मला अभिनयातलं काय कळतं? मी खांबामागचा माणूस. खरं होतं म्हणावं आणि तो तिकडे उपाशी राहिला तर? खोटं होतं म्हणावं, तर ते खोटंच. रोज लिहायला बसे आणि तिसऱ्या ओळीपर्यंत त्याला मारून टाकी. "रंगभूमीचा एक प्रामाणिक सेवक हरपला" असं लिहून होई आणि मग कागद फाडावा लागे.

"जिता हाये म्हनून त्याचं अडलं," माझी बायको म्हणाली. "मेला असता तं उत्तर कवाचंच गेलं असतं."

मनकर्णाबाई अधूनमधून येई. "बाबाराव म्हनते का नानाजीचं पत्र नाई आलं. लिहून टाका न, ये म्हना. घर रिकामं हाये."

मी मान हलवी. बाबाराव पडद्यावर डॉक्टर झाला की हलवी तशीच.

मालिका सुरू झाली. वाचनालयात टीव्ही होता, तिथे दर आठवड्याला गाव जमे. आणि खरोखर, काका प्रत्येक भागात! भिंतीवर, हारात. मला मान वर करवत नसे. मनकर्णाबाई मात्र पुढे बसून समाधानाने बघे. "दर हप्त्याले हार घालून राह्यले," ती शेजारणीला सांगे. "लय आयुष्य वाढनार माह्या पोराचं."

शेवटच्या भागानंतर सगळे पांगले. मी खुर्च्या लावत होतो. मनकर्णाबाई तिथेच बसून राहिली.

"नानाजी, पेपरातलं तुमचं मी आता एका पोराकडून वाचून घेतलं. त्या चादरीचं लिहिलं तुमी."

"हो."

"थे माहं हाये. पाहुने आले का मी तसं करो. त्यानं लहानपनी पाह्यलं असन." तिने बंद टीव्हीकडे पाहिलं. "मले थे सिनेमात दिसलंच नाई. मले तं सिनेमात माहा पोरगाच दिसते, बारीक झाला का काय, तेवढंच. चांगलं काम करते काय तो?"

समोर कोणीतरी जिवंत बसलेलं असताना मी ते पहिल्यांदाच बोललो.

"लय चांगलं करते, मनकर्णाबाई."

ती उठली. पदर सारखा केला. दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, "मंग राहू द्या त्याले तिकडंच. पर तुमी त्याले सांगा तं खरं. मले काय सांगता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं : "बाबाराव, खरं होतं. तू तिथेच राहा. मी तो सिनेमा तीनदा पाहिला." पोस्टाच्या पेटीत टाकलं. आणि कार्ड तळाशी पडल्याचा आवाज येताच मला घाम फुटला. तीनदा? हे जास्त तर वाटणार नाही? तोंडदेखलं वाटेल. "दोनदा" शोभून दिसलं असतं. मी तिथेच उभा राहिलो. उन्हं चढल्यावर पेटी उघडायला पोस्टमन तानबा आला.

"काय हरपलं, नानाजी?"

"माझं एक कार्ड आहे आत. थोडं सुधारायचं होतं."

तानबाने गठ्ठ्यातून कार्ड काढलं आणि पोस्टातली माणसं वाचतात तसं मोकळेपणाने वाचलं.

"तीनदा? कोनता पिच्चर?" मी नाव सांगितलं. "हे तं काईच नाई. म्या पाच खेपा पाह्यला थो पिच्चर."

मी पुढे झालो. "बाबारावसाठी?"

"फायटिंगसाठी. बाबाराव होता काय त्याच्यात? कुठं होता?"

"खाटेपाशी," मी म्हणालो.

"कोनती खाट?" असं विचारत तानबाने कार्ड पिशवीत टाकलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि सायकलवर टांग मारली. मी काही ते परत मागितलं नाही.