गुडघा आधी की चेंडू?

अमेरिकेतल्या फुटबॉलचा अंतिम निकाल सोमवारी सकाळी आमच्या पोलादपुरात लागतो. तिकडच्या पंचांनी तो आधीच दिलेला असतो, पण शेजारच्या सकपाळ अण्णांना तो मान्य नसतो.

अण्णा जन्मभर कबड्डीचे पंच. महाडपासून कशेडी घाटापर्यंत त्यांनी शिट्टी वाजवली नाही असं मैदान नाही, आणि त्यांच्याशी भांडला नाही असा संघ नाही. दिलेला निर्णय त्यांनी कधी फिरवला नाही. वहिनी होत्या तोवर आमटीतल्या मिठाबद्दलचाही नाही. "शिट्टी वाजली, विषय संपला!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

मुलगा महेश अमेरिकेत असतो. दर सोमवारी तो सामन्यातली एखादी क्लिप पाठवतो आणि मग फोन करतो. क्लिपमध्ये हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर कोसळतात आणि खालून चेंडू निसटतो. पकडलेल्या गड्याचा गुडघा आधी टेकला तर चेंडू त्याच्याच संघाचा. चेंडू आधी सुटला तर जो झडप घालील त्याचा. एवढीच भानगड. तिथले पंच हे चहूबाजूंनी, सावकाश फिरवून बघतात. अण्णांना एवढे लाड मंजूर नाहीत.

परवा मी तिथेच होतो. गुडघा आधी टेकला होता. माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसलं. अण्णा मात्र फोनवर गरजले, "चेंडू आधी सुटला रे! आणि पडताना त्याचा दम तुटला, त्याचं काय?"

"अण्णा, ही कबड्डी नाय! इथं दम नसतो!"

"ते दिसतंयच! परत समजाव."

महेश बिचारा पुन्हा पहिल्यापासून समजावत बसला. मध्येच नात "आजोबा, चूक!" म्हणून ओरडली. अण्णांनी तिला मैदानाबाहेर काढलं, आणि ती रुसताच लगेच आत घेतलं.

फोन संपल्यावर मी खवचटपणे म्हटलं, "अण्णा, नजर गेली तुमची. गुडघा ढळढळीत टेकलाय."

"पयल्याच नजरेत दिसला मला," अण्णा शांतपणे म्हणाले.

"मग एवढं भांडलात कशाला?"

"सुरवातीला बरोबर सांगायचो. तो म्हणायचा, 'बरोबर, अण्णा,' नि ठेवायचा फोन. दुसरं काय बोलणार? आमच्यात विषयच नाय. ही होती तेव्हा हीच बोलायची त्याच्याशी."

मला फार वाईट वाटलं. अण्णांनी तीच क्लिप पुन्हा लावली.

"संध्याकाळी तिकडं उजाडलं की मीच लावतो फोन," ते म्हणाले. "सांगतो, अजून पटलं नाय."