अकरा पोती आणि एकही काच नाही

सलग चार रात्री एका फुटक्या बाटलीने मला झोपू दिलं नाही. बाटली घरात नव्हती. ती होती आमच्या फाटकासमोरच्या मोकळ्या पट्टीत, हिरवी, पाचसहा तुकड्यांत. मी ती स्वतः पाहिली होती, आणि पाहताक्षणी पिटुकलीवर ओरडले होते, "खबरदार त्या काचांना हात लावलास तर!" पिटुकली पाच वर्षांची आहे आणि चपला घालणं हा आपला अपमान आहे असं मानते. डोळे मिटले की मला तिचं पाऊल दिसायचं, मग टाके, मग धनुर्वाताचं इंजेक्शन. (माझ्या काळज्या अर्धवट थांबत नाहीत. हॉस्पिटलात जाऊन, डिस्चार्ज घेऊनच परततात.)

घर घेताना नकाशात ही पट्टी हिरवी रंगवलेली होती आणि तिच्यावर 'बाग' असं लिहिलं होतं. सध्या त्या बागेत सिमेंटची रिकामी पोती, थर्माकोल, कागदी कप आणि एक तीनचाकी बाबागाडी फुलली होती. (गाडी मुळात चारचाकी असावी.)

सोमवारी मी बिल्डरच्या ऑफिसात फोन केला.

"मॅडम, ती जागा आम्ही नगरपालिकेला दिली."

मग नगरपालिकेत.

"दिली असेल. आम्ही घेतली नाही."

"मग आत्ता ती आहे कुठे?"

"प्रोसेसमध्ये."

चार दिवस मी दुपारभर फोन कानाला लावून सोफ्यावर बसून होते. समोरून बासरी वाजायची आणि 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगितलं जायचं. "आई, मी अंगणात जाऊ?" असं पिटुकली विचारायची, मी मान डोलवायची. काच हटवायची तर कुणीतरी पाठपुरावा करायलाच हवा होता ना!

शेवटी रविवारी मी ठरवलं, आपणच साफ करू.

"अगं, पण ती आपली जागा नाही," नवरा म्हणाला.

"पाय तर आपल्या मुलीचा आहे!"

या वाक्यावर मी स्वतःच इतकी खूश झाले की तयारीला लागले. कचरा उचलायला स्वयंपाकघरातला चिमटा शोधला, सापडला नाही. पळण्यासाठी घेतलेले माझे पांढरे बूट कोनाड्यात होते, पण नवे बूट चिखलात कोण घालणार? (ते तीन वर्षं नवे आहेत.) म्हणून नवऱ्याचे गमबूट आणि भांडी घासायचे हातमोजे चढवले. दुपारपर्यंत अकरा पोती भरून आमच्या फाटकाशी उभी राहिली. पट्टी अशी लख्ख झाली की नकाशातली वाटावी.

सोमवारी कचऱ्याची गाडी आली.

"कुठल्या घराची पोती, ताई?"

"घराची नाही हो, त्या पट्टीतली."

"ती पट्टी आमच्या यादीत नाही."

"पण कचरा तर दिसतोय ना तुम्हाला?"

"दिसतोय. यादीत नाही." मग त्याला माझी दया आली. "तुमच्या घरचा म्हणा, नेतो."

तेव्हा मी भर रस्त्यात, चारचौघांत, सिमेंटच्या पोत्यांसकट सगळा कचरा आमच्या घरचा असल्याचं कबूल केलं.

"ठीक. मग एका घराची आठवड्याला दोनच पोती," असं म्हणून त्याने दोन उचलली आणि गाडी निघून गेली.

नऊ उरली. मंगळवारी सकाळी ती चौदा होती. आमच्या दाराशी पोती ठेवायची सोय झाली आहे, असा कॉलनीचा समज झाला होता. समोरच्या काकू फिरायला जाताना थांबल्या.

"काय गं हे! तीनच माणसं ना तुम्ही घरात?"

मी काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर पोत्यांवर अडकली. अकरा पोती मी स्वतः भरली होती. कप, थर्माकोल, बाबागाडी, सगळं आठवत होतं. पण काच? एकही हिरवा तुकडा हाती लागल्याचं आठवेना. म्हणजे ती अजून तिथेच होती, मातीत दबा धरून!

मग मी जे केलं ते काकू अजून सगळ्यांना सांगतात. मी पोती उघडली. एकेक करून अंगणात रिकामी केली आणि त्या ढिगात गुडघे टेकून बसले. (शेजारच्यांचीही केली. कुणाकडे काय शिजतं आणि काय वाया जातं, ते मला आता पाठ आहे.) नवरा ऑफिसला निघाला होता. त्याने ढिगाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता पिटुकलीला तिकडे खेळू दे. इथे घाण आहे."

"काच मिळत नाहीये रे!" मी रडकुंडीला आले होते.

पिटुकली पायरीवर बसून माझी मजा बघत होती. "हिरवी?"

"हो! कुठे पाहिलीस?"

"ती तर मी कधीच उचलली. तू बासरी ऐकत होतीस ना, तेव्हा."

मी ढिगातून उठून तिच्याकडे धावले. तिचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता.

"तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून!"

"नाहीच लावला. चिमट्याने उचलली."

"आणि ठेवलीस कुठे?"

"तुझ्या पांढऱ्या बुटांत," पिटुकली म्हणाली. "तिथे कुणाचाच पाय जात नाही ना!"