रामटेके बाईंच्या मोटरी

रामटेके बाई मोटर पाहायला निघाल्या की कांजी केलेलं पातळ नेसत. मोटर म्हणजे गाडी नव्हे. विजेची, मुठीत मावणारी, गरगर फिरणारी मोटर. ती कुणाच्या टेपरेकॉर्डरच्या पोटात असो की भंगारवाल्याच्या ढिगात, बाई केस नीट विंचरून, खांद्याला पर्स लावून जात आणि दारात उभ्या राहून सांगत, "मोटर पाह्याले आली."

ब्रह्मपुरीत आमची भिंतीला भिंत आणि शाळाही एकच. मी मराठी शिकवायचो, त्या गणित. बाई एकट्या राहत, वय पन्नाशीकडे झुकलेलं. लोकांच्या बैठकीत खुर्च्या असतात. बाईंच्या बैठकीत सात फूट लांबीची युद्धनौका होती. सागवानी पट्ट्यांची, राखाडी रंगाची, तोफांसकट. पाहुणा आला की त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसावं लागे.

कॉलेजात असताना सहलीला विशाखापट्टणमला त्यांनी खरी युद्धनौका पाहिली होती. "एवढं लोखंड, भाऊ," त्या डोळे अर्धे मिटून सांगत, "अन् पाण्यात कसं निवांत बसून होतं! दुपारच्या म्हशीवानी." कुवेतला असलेल्या भावानं त्यांना दुरून बोट चालवायचा रेडिओचा संच आणून दिला होता. हातातल्या डबीवरची काडी हलवली की दूर पाण्यातली बोट वळणार. सगळं तयार होतं. अडलं होतं फक्त मोटरींवर. बोटीला मागं दोन पंखे, म्हणून मोटरी दोन पाहिजेत, आणि दोघींचा स्वभाव सारखा पाहिजे. नाहीतर बोट जागच्या जागी गोल फिरत बसणार.

पाहण्याचा कार्यक्रम ठरलेला असे. आधी बॅटरीची वायर लावायची. मग मोटर कानाशी. मग ताप पाहावा तसा तिच्या अंगाला हात. "तापते का? बोलते किती? खाते किती?" खाते म्हणजे बॅटरी.

एका सकाळी त्या आमच्याच स्वयंपाकघरात आल्या. बायको जवसाची चटणी वाटत होती.

"वहिनी, तुमच्या मिक्सरले पाह्याले आली."

बायको भांड्यावर हात ठेवून उभीच राहिली. बाईंनी मिक्सर चालवला, डोळे मिटून ऐकला, बंद केला. "तब्येतीनं चांगली आहे. पण तोंडाची लय फटकळ. अन् इले घरचीच लाइन लागते. तलावात कुठून आणू? नाई जमत, वहिनी. इले चटणीच वाटू द्या."

बायकोला हायसं वाटलं, आणि दुपारपर्यंत थोडा रागही आला. आपल्या मिक्सरमध्ये काय कमी होतं?

टेपरेकॉर्डरच्या मोटरीला बाई म्हणाल्या, "गुणाची आहे, पण सात फुटाचा संसार ओढवणार नाई इच्यानं." ट्रकच्या वायपरची मोटर आली. "ताकद बैलाची, पण घाई म्हणून नाई. बोट त्या काठाले पोचेल तवा मी रिटायर होईन." पण नाकारलेली मोटर त्यांनी कधी पुन्हा ढिगात टाकू दिली नाही. टेपवाली शाळेच्या म्हाताऱ्या शिपायाच्या उशाशी पंखा होऊन राहिली. वायपरवालीनं प्रयोगशाळेत लाकडी ग्रहांना सूर्याभोवती फिरवलं, सावकाश, कुठलीही घाई न करता.

आणि उत्तर जागेवरच. "कळवतो म्हणाचं नाई, भाऊ. हो तर हो, नाई तर नाई."

"मोटरीले काय समजते, बाई?" मी विचारायचो.

"मले समजते ना," त्या म्हणत.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण सुशीला आमच्याकडे राहत होती. चिमूरहून तिला पाहायला लोक आले. पोहे झाले, चहा झाला, तिच्या हातचं भरतकाम पाहून झालं. "कळवतो," म्हणून ते जीपमध्ये बसले. दिवाळी झाली, धान कापून झालं. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की सुशीला पिठाच्या हातानं दाराशी येई आणि काही काम असल्यासारखी दाराची कडी पुसून परत जाई. घरात कोणी तो विषय काढत नसे.

एका रविवारी रामटेके बाई कांजीचं पातळ नेसून बसस्टँडकडे गेल्या. कुठंतरी मोटर असेल, असं आम्ही धरून चाललो. संध्याकाळी त्या सरळ आमच्याकडे आल्या. सुशीला तांदूळ निवडत होती. बाई तिच्यासमोर खालीच बसल्या.

"सुशीला, मी चिमूरले गेलती. जयभीम केला, पाणी पेलं, अन् विचारलं. तिथून नाई आहे. त्यांचं दुसरीकडे जमून राह्यलं. आता वाट पाहू नको."

सुशीला उठून आत गेली. माझा पारा चढला. "बाई, तुमाले कोणी सांगतलं होतं जाले? मुलीच्या घरच्यांनी असं विचारत फिरावं काय?"

"मी कुठं मुलीच्या घरची आहे? शेजारची आहे," बाई म्हणाल्या आणि उरलेले तांदूळ निवडून गेल्या.

सुशीला रडली. मग तोंड धुऊन जेवायला आली आणि दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. सकाळी पोस्टमनची घंटी वाजली, तेव्हा ती वेणी घालत होती. तिनं ती पुरी घातली. दोन वर्षांनी वडशाहून पाहायला आलेल्या मुलानं परत जाताना आमचा उंबरा ओलांडायच्या आधीच होकार दिला.

मोटरी शेवटी त्याआधीच, चिमूरच्या फेरीनंतर महिन्याभरात, नागपूरच्या भंगारात मिळाल्या. तेव्हा नव्या छोट्या गाड्या आल्या होत्या. त्यांच्या रेडिएटरपुढच्या पंख्याच्या या दोघी. बाईंनी त्या बसमध्ये मांडीवर घेऊन आणल्या. "बारा व्होल्टच्या आहेत, पण मी सहावरच चालवीन. कोणाले पुरतं पळवू नाई."

थंडीतल्या एका संध्याकाळी मासे धरणाऱ्या ढीवरांच्या दोन पोरांच्या मदतीनं आम्ही बोट गावच्या जुन्या मालगुजारी तलावात उतरवली. वारा नव्हता. पाण्यात पलीकडचं जंगल उलटं उभं होतं. बोट निघाली, आणि आवाजच नाही. कमळाच्या पानांमधून ती अशी सरकली की जणू पाणीच तिला हळूहळू पुढं देत होतं. बदकांनी मान वळवून पाहिलं आणि तिला वाट करून दिली.

"बाई, तोफ उडते का?" एका पोरानं विचारलं.

"नाई गा. शोभेची आहे."

बाईंनी रेडिओची डबी सुशीलेच्या हातात दिली आणि माझ्याशेजारी पारीवर, तलावाच्या बांधावर येऊन बसल्या. बराच वेळ आम्ही पाहत राहिलो.

"मी बावीसची होती," त्या अचानक म्हणाल्या. "भंडाऱ्याकडचे लोक मले पाहून गेले. कळवतो म्हणाले. बाबा म्हणे, शब्दाची माणसं आहेत, कळवतील. मधात दुसरं स्थळ आलं तरी मले दाखवाले बसू देल्लं नाई त्यांनी. म्हणे, आपण एका ठिकाणी बोलून राह्यलो. अशी वाट पाहतच बाबा गेले."

"अन् ते लोक?"

"काई नाई." बाई हसल्या. "त्यांचं नाईसुद्धा आलं नाई अजून."

बोट तलावाच्या मध्यावर होती, राखाडी पाण्यात राखाडी. मागं उमटणाऱ्या रेघेवरूनच ओळखू येत होती.

काठावरून सुशीलेनं हाक मारली. "बाई, अंधार पडून राह्यला. वापस आणू का?"

"तुले काय वाटते?" बाईंनी विचारलं.

सुशीलेनं बोटीकडे पाहिलं, मग पलीकडच्या काठाकडे. "अजून थोडी जाऊ द्या वाटते."

"मंग जाऊ दे," बाई म्हणाल्या.