आवाज स्वच्छ, वजन कमी

आमोण्याच्या बाबली गावसांच्या घरात त्या गुरुवारी सकाळी जेवणाच्या मेजावर दोन डीजे कंट्रोलर शेजारी शेजारी बसले होते आणि घरची माणसं जमिनीवर बसून चहा पीत होती.

बाबलीची मुलगी गौरवी साखळीला औषधांच्या दुकानात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत गाणी वाजवायची. आजवर मैत्रिणीचा कंट्रोलर मागून तिने वेळ मारून नेली होती. पण रविवारी फोंड्याला एका मोठ्या लग्नाचं काम मिळालं होतं आणि आता स्वतःचं यंत्र हवंच होतं. दुकानदाराने ओळखीवर दोन्ही यंत्रं एका दिवसासाठी घरी दिली. अट एकच, नको असलेलं यंत्र संध्याकाळी ओरखडा न पडता परत यायला हवं.

करडा कंट्रोलर धातूचा होता, भक्कम. काळा प्लास्टिकचा आणि हलका.

"ह्योच घे," करडा दोन्ही हातांनी तोलत बाबली म्हणाला. "बत्तीस वर्सां मांडवीत बार्ज चालवलीय मी. हलकी वस्तू पयल्या वाऱ्याक जाता."

"बाबा, माका तो हॉलात लावूचो आसा. मांडवीत नाय सोडूचो."

"पेटी घेताना कोण वजन करता?" त्याच्या बायकोने, विमलाने विचारलं. ती वाड्यातल्या बायकांच्या भजनात गायची, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं ती धरून चालायची. "आवाज बघ गो तू."

गौरवीने आईच्याच हातात माईक दिला आणि अभंग म्हणायला लावला. करड्यातून विमलाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा आला. काळ्यातून मात्र एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. तिसऱ्या ओळीला चुलीवरचं दूध उतू गेलं. विमला माईकसकट आत धावली आणि दूध सावरताना माईक मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून विसरली. वायर लांब होती, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"दुपारी जेवूक येतंय तेव्हा ठरवूया," स्कूटरला किल्ली लावत गौरवी म्हणाली. "तोपर्यंत कोणी हात लावू नका. बाबा, तुमकाच सांगतंय."

हे वाक्य बाबलीने ऐकलं नाही. मांडवी नदीत माल वाहणाऱ्या त्या बार्जीच्या इंजिनाने त्याचे कान अर्धे खाल्ले होते, आणि ही गोष्ट स्वतः बाबली सोडून सगळ्या वाड्याला माहीत होती. विमलाने तर त्यातून एक सोय काढली होती. मनात येईल ते ती साध्या आवाजात, स्वयंपाक करता करता, बोलून टाकायची. नवऱ्याला ऐकू जात नाही, भांडण होत नाही, आणि मन हलकं होतं.

अकराच्या सुमाराला बाबली काळ्या कंट्रोलरसमोर बसला. प्लास्टिक किती कच्चं आहे ते मुलीला पुराव्यानिशी दाखवायचं, एवढाच त्याचा हेतू. त्याचे दिवे सकाळपासून लागलेलेच होते. त्याने हेडफोन कानांवर चढवला, एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं, आणि एकदम दचकला. कानात बायको बोलत होती.

"बार्जीवर कप्तान म्हणे! घरात पाण्याचो पेलो उचलूक येयना."

बाबलीने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराचं दार लावलेलं. मांजर माशांवर टपलेलं असायचं म्हणून विमला ते लावूनच घ्यायची, आणि आत धूर ओढणारा पंखा घरघरत असायचा. बाबलीला नवल वाटलं. इतकं स्पष्ट त्याने कित्येक वर्षांत काही ऐकलं नव्हतं. अजून नीट ऐकावं म्हणून त्याने मधलं मोठं बटण हळूहळू पुरतं फिरवलं. कानात काहीच फरक पडला नाही, कारण ते बटण हेडफोनचं नव्हतं. ते बाहेरच्या सोप्यावर, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या दोन उंच स्पीकरचं होतं.

"सुलोचनान चवथीक मोदकपात्र नेलां," स्पीकर सबंध वाड्याला सांगू लागले. "आता दुसरी चवथ इली. पात्र काय येयना."

समोरच्या घरातून सुलोचना बाहेर आली.

"आणि तो रघुनाथ! आरती म्हणता काय म्हशीक हाक मारता, काय कळणा नाय."

देवळाच्या समितीचे रघुनाथ भाजीची पिशवी घेऊन रस्त्याने चालले होते. ते जागच्या जागी थांबले. त्यानंतर शेजारच्या सुमनच्या पाणचट सोलकढीचा विषय निघाला आणि सुमनही आली. दहा मिनिटांत कुंपणाशी पंधरा माणसं जमली. त्यातली निम्मी रागावलेली होती आणि निम्मी आपलं नाव कधी येतं याची वाट पाहत होती.

बाबलीला खिडकीतून गर्दी दिसली. मुलीचं यंत्र बघायला लोक आले, असं समजून त्याने हसून हात हलवला. सुलोचनाने हातवारे केले. बाबलीने बोट ओठांवर ठेवून 'जरा थांबा, ऐकतोय' अशी खूण केली. शेवटी ती तरातरा आत आली आणि तिने त्याचा हेडफोन ओढून काढला.

"भावजी, बंद करा ता!"

आता बाबलीला स्पीकर ऐकू आले. तो गडबडून गेला. हाताला येईल ते बटण त्याने दाबलं आणि विमलाच्या बोलण्याला प्रतिध्वनी जोडला गेला. "मोदकपात्र... पात्र... पात्र..." वाडा दुमदुमला. दुसरं बटण दाबलं तर ढोल सुरू झाले. घाईत त्याचा पाय वायरीत अडकला आणि काळा कंट्रोलर मेजावरून धाडकन फरशीवर आला.

ढोल थांबले. मग फरशीवरूनच, एक अक्षर न सांडता, आवाज आला.

"इंजिनान कान खाल्ले बिचाऱ्यांचे. मीठ कमी पडला तरी कधी ताट सरकवूक नाय. पण मी इतकी वर्सां गातंय, माझो आवाज काय तेंनी धड ऐकूक नाय. दूध उतू गेला नसता तर आज पुरो अभंग म्हटलो असतो."

रघुनाथांनी पिशवी खाली ठेवली. बाबली वायरीत पाय तसाच ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात विमला दार उघडून बाहेर आली. तिने फरशीवरचा कंट्रोलर पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग सुलोचनाला पाहिलं. "काय झाला?" असं तिने विचारलं आणि उत्तर न मिळताच तिला सगळं कळलं. पदर तोंडाला लावून ती सोप्याच्या पायरीवर मटकन बसली.

गौरवी जेवायला आली तेव्हा सुलोचना मोदकपात्र घासून घेऊन आली होती, रघुनाथ घसा खाकरत होते आणि आई कोणाकडे बघत नव्हती. हकिगत कळल्यावर गौरवीने आधी कंट्रोलर उलटापालटा करून पाहिला. ओरखडा एक, तोही तळाला.

"मग? खंयचो घेऊया?"

"काळो!" पंधरा माणसं एकदम म्हणाली. "शब्द न् शब्द कळता!"

"काळोच घे," बाबली म्हणाला. "पडलो तरी बोलूचो थांबूक नाय."

"करडो!" विमला ओरडली. "भक्कम आसा तो. आणि तेच्यावर बोललेला कोणाक कळणा नाय!"

ओरखड्यामुळे काळा परत करता येणारच नव्हता, त्यामुळे वाद तिथेच मिटला. संध्याकाळी करडा दुकानात गेला. रविवारी फोंड्याचं लग्न झकास वाजलं. सोमवारी गौरवी बापाला साखळीला कानांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि बाबली उजव्या कानात छोटंसं यंत्र घालून घरी आला.

मग घरात शांतता पसरली. विमला "जेवा", "उठा", "औषध घेतलात?" एवढंच बोलायची. कढईत उलथनं फिरायचं तेवढाच आवाज. तिला करमेना, बाबलीलाही करमेना. एवढं सगळं ऐकू येणारं घर त्याला बार्ज बंद पडलेल्या नदीसारखं वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दाराशी पाट ओढून बसला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "विमला, ह्या यंत्राची बॅटरी संपली गो. काय म्हणजे काय आयकूक येयना."

विमलाने वळून नीट पाहिलं. "चहा देऊ?" असं हळूच विचारून पाहिलं. बाबली आढ्याकडे बघत राहिला. तिने सुटकेचा निःश्वास सोडला, कांदा पुढे ओढला आणि सुरुवात केली, "कप्तान म्हणे..."

बाबलीने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. बॅटरी त्याने सकाळीच बदलली होती.