ऑर्लिनच्या रिव्हॉल्वरमधले सात दोष

रविवारच्या जेवणात उकडलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत जावई म्हणाला, “डॅड, मला नेमबाजीसाठी एखादं जुनं रिव्हॉल्वर घ्यायचंय. माउंट हेल्गाला एक चांगलं दुकान आहे म्हणे. शनिवारी येता का बरोबर?”

ऑर्लिन ट्वेटच्या घशात सॉसेज अडकलं.

माउंट हेल्गाचं ते दुकान त्याने तीन आठवड्यांपूर्वी शोधून काढलं होतं. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, हा त्या दुकानाचा सगळ्यात मोठा गुण. विस्कॉन्सिनच्या त्या भागात चाळीस मैल म्हणजे तसे काहीच नाहीत. पण तिथलं चर्च वेगळं होतं, आणि चर्चच्या तळघरातल्या कॉफीशिवाय बातमीला पाय फुटत नाहीत. म्हणून ऑर्लिनने आपलं रिव्हॉल्वर तिथे विकायला ठेवलं होतं.

ते रिव्हॉल्वर त्याला बायकोने, आर्डिसने, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेलं. पहिलं वर्षभर दोघांचं, म्हणजे ऑर्लिनचं आणि रिव्हॉल्वरचं, छान जमलं. मग काय बिनसलं कोण जाणे. गेले आठ महिने क्लबच्या मंगळवारच्या स्पर्धेत तो शेवटून पहिला येत होता. शेजारच्या माणसाच्या लक्ष्यावर त्याने दोनदा उत्तम गुण मिळवले होते. पाद्री महाशयही त्याच क्लबात होते. ते त्याच्यासाठी प्रार्थना करत, पण त्याच्या बाजूला उभे राहत नसत.

तर दोष रिव्हॉल्वरचा, हे ऑर्लिनने ठरवून टाकलं होतं. प्रश्न एवढाच होता की ही गोष्ट आर्डिसला कळता कामा नये. तिच्या घराण्यात भेट विकणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. तिच्या मावशीने १९७४ साली भेट आलेलं वाफल करायचं यंत्र विकलं होतं. मावशीला पुढे दफनभूमीतसुद्धा कुंपणाकडेची जागा मिळाली.

“जातील की,” आर्डिस जावयाला म्हणाली. “मीही येते. दुकानासमोरच्या कॅफेत ॲपल पाय फार चांगला मिळतो म्हणतात. गरमागरम.”

शनिवारी अकराच्या सुमाराला आर्डिस रस्त्यापलीकडच्या कॅफेत खिडकीशी बसली आणि सासरा-जावई दुकानात शिरले. दुकानदार गॉर्डी हा लाकडाच्या ओंडक्यासारखा शांत माणूस. त्याच्या धंद्याचा एकच नियम होता: विकायला ठेवणाऱ्याचं नाव मेलं तरी सांगायचं नाही. त्याने ऑर्लिनकडे आयुष्यात प्रथमच बघितल्यासारखं बघितलं.

काचेच्या कपाटात सहा जुनी रिव्हॉल्वरं होती. जावयाने, म्हणजे लाइलने, सरळ डावीकडून तिसरं उचलायला सांगितलं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मालक म्हणतो, लोण्यासारखं चालतं. ४२० डॉलर.’

“डॅड, हे डिट्टो तुमच्या रिव्हॉल्वरसारखं दिसतंय.”

“छे! कुठे माझं, कुठे हे!” ऑर्लिन म्हणाला. आता हे रिव्हॉल्वर लाइलने घेतलं, तर पुढच्या रविवारी ते बटाट्यांच्या भांड्याशेजारी ठेवून सगळ्यांना दाखवलं जाणार होतं. “ठेव ते. गोळ्यांचं चक्र हलतंय त्याचं.”

लाइलने चक्र हलवून पाहिलं. “नाही हो हलत.”

“आतून हलतंय. बाहेरून कळत नाही.”

गॉर्डीने कानामागची पेन्सिल काढली. हा माणूस भयंकर प्रामाणिक होता. त्याने चिठ्ठीवर लिहिलं, ‘चक्र आतून हलतं,’ आणि चारशेवीसचे चारशे केले.

“अरे वा,” लाइल म्हणाला.

“चाप बघ ना किती जड! ओढायला बोट नाही, ट्रॅक्टर लागेल.”

‘चाप जड.’ तीनशे ऐंशी.

“आणि ही काय मूठ आहे? लेफ्साच्या पोळ्या लाटायचं लाटणं आहे ते.”

‘मूठ लाटण्यासारखी.’ तीनशे साठ.

“शिवाय डावीकडे मारतं.”

गॉर्डीची पेन्सिल थांबली. “न झाडताच कळलं तुम्हाला?”

“काही रिव्हॉल्वरांच्या तोंडावरच लिहिलेलं असतं.”

“मालक तर मला म्हणाला, नेम अगदी अचूक आहे. छातीवर हात ठेवून म्हणाला.”

“मग मालक खोटारडा आहे?” लाइलने निरागसपणे विचारलं.

ऑर्लिन म्हणाला, “असतात… असतात एकेक माणसं.”

“दिसायला तरी सज्जन होता,” गॉर्डी म्हणाला. “टक्कल होतं.”

ऑर्लिनने टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि आणखी तीन दोष काढले. किंमत तीनशेवर आली. दोष सात झाले आणि चिठ्ठी पाठीमागून भरायला लागली.

“डॅड, तीनशेत मी दोषांसकट घेतो!”

“हे बघ, हे शेवटचं घे त्यापेक्षा,” ऑर्लिन घायकुतीला येऊन म्हणाला.

“ते गंजलंय.”

“गंज म्हणजे अनुभव, बाळा!”

पण लाइल हटेना. “दोनशे ऐंशीला द्या, आत्ता घेतो,” तो गॉर्डीला म्हणाला.

“तीनशेच्या खाली मालकाला विचारावं लागेल,” गॉर्डी म्हणाला आणि त्याने फोन उचलला.

ऑर्लिनच्या खिशातल्या फोनवर पोल्का नाचाची धून वाजायला लागली. अकॉर्डियनसकट.

“आर्डिस असेल,” म्हणत तो धडपडत बाहेर पदपथावर आला. समोर कॅफेच्या खिडकीत आर्डिस ॲपल पाय खात होती. दोन्ही हातांनी. तिने काटा हलवून त्याला अभिवादन केलं. ऑर्लिनने तिच्याकडे पाठ केली.

“हॅलो, माउंट हेल्गाहून गॉर्डी बोलतोय.”

“माहितीये! दिसतोयस तू मला काचेतून!”

“तुमच्या रिव्हॉल्वरला गिऱ्हाईक आलंय. पण त्याच्याबरोबर एक जाणकार आहे. फार नावं ठेवतोय.”

“विकू नकोस! मालक माल परत घेतोय म्हणावं.”

“घ्या की. फक्त फॉर्म भरायचा, ओळखपत्र दाखवायचं, मग मी सरकारी चौकशीचा फोन करणार. स्वतःची वस्तू परत नेतानाही तेच. आत येऊन भरताय का आत्ता?”

ऑर्लिनने काचेतून आत पाहिलं. लाइल रिव्हॉल्वरकडे लहान पिल्लाकडे बघावं तसा बघत होता.

“दोनशे ऐंशी म्हणजे काय चेष्टा आहे?” ऑर्लिन कुजबुजत ओरडला. “नळी बघितलीस का त्याची? आरसा आहे आरसा!”

“जाणकार म्हणतो, डावीकडे मारतं.”

“जाणकार मूर्ख आहे!”

“तसं सांगू त्याला?”

एवढ्यात ऑर्लिनने मान वळवली. आर्डिसने बशी बाजूला सारली होती आणि ती रुमालाने तोंड पुसत होती. आता ती उठणार, रस्ता ओलांडणार, काचेच्या कपाटापाशी येणार. त्यापेक्षा बंद खोक्यातून जावयाच्या घरी गेलेलं काय वाईट? लाइलला नंतर गाठता येईल, पाया पडता येईल.

“दे! दे त्याला! आणि लवकर खोक्यात घाल!”

तो आत आला तेव्हा गॉर्डीने फोन ठेवला होता. “मालक तयार झाला,” तो म्हणाला. “माणूस जरा तापट आहे.”

लाइलच्या पुढ्यात फॉर्म आला. त्यात सुरुवातीलाच विचारलेलं असतं, ही वस्तू तुम्ही खरोखर स्वतःसाठीच घेताय ना. लाइल हा चुकून जास्त आलेलं टोमॅटो सॉसचं पाकीट परत करायला गाडी वळवणारा माणूस. त्याचं पेन त्या ओळीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. त्याचे कान लाल झाले.

“खरं सांगायचं तर, स्वतःसाठी नाही,” तो म्हणाला.

गॉर्डीने फॉर्म काढून घेतला. “मग ज्याला हवंय त्याने यायचं. कायदा आहे.”

“हो हो, बोलावतो,” म्हणत लाइलने दार उघडलं आणि रस्त्यापलीकडे हात केला.

आर्डिस आली. ऑर्लिनला कपाटामागे लपायचं होतं, पण कपाट काचेचं होतं.

“बघू का?” तिने आधी गॉर्डीला विचारलं. मग चक्र बाहेर काढून ते रिकामं असल्याची खात्री केली, अंगठ्याचं नख मागे धरून त्यावरच्या उजेडात नळी न्याहाळली आणि तळहाताने चक्र हळूच आत ढकललं. झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावतात तसं. ऑर्लिनने बारा वर्षांत क्लबात एवढं सफाईचं काम पाहिलं नव्हतं.

“हे… हे कुठे शिकलीस तू?”

“आमच्या गुरुवारच्या गटात.”

“पण तुम्ही तर रजया शिवता!”

“एक शिवलीये,” आर्डिस म्हणाली. “सुरुवातीला.”

“आर्डिस, हे बघ, हे रिव्हॉल्वर—”

“तुझं आहे. मीच निवडलं होतं रे, ओळखणार नाही का? गॉर्डीची बहीण आमच्या गटात आहे. तिने इथे कपाटात बघितलं.”

“नाव मी सांगितलं नाही,” गॉर्डी घाईघाईने म्हणाला.

“दिलेली भेट परत मागता येत नाही, ऑर्लिन. आमच्यात तशी रीत नाही. पण तूच विकायला काढलंस तर मला घ्यायला काय हरकत आहे?” तिने चिठ्ठीवरचे साती दोष मन लावून वाचले. “लाइलला मी म्हटलं, डॅडना बरोबर ने, ते नावं ठेवतील, ठेवू दे. एकशेचाळीस डॉलर वाचले बघ.”

लाइल छताकडे बघत होता.

आर्डिसने वळणदार अक्षरात फॉर्म भरला. गॉर्डी चौकशीचा फोन करायला आत गेला. ऑर्लिन स्टुलावर बसून राहिला. कुंपणाकडेची जागा टळली होती, तरी काहीतरी टोचत होतं.

“पण तुला ते चालतं कसं?” त्याने शेवटी विचारलं. “ते खरंच डावीकडे मारतं. आठ महिने मी जीव तोडून बघितलं.”

“मला सरळ मारतं. नेम धरायची मागची पट्टी असते ना, तिचा स्क्रू मी दर गुरुवारी माझ्या डोळ्याच्या हिशोबाने फिरवून घ्यायचे.”

ऑर्लिन हळूहळू उभा राहिला.

“आणि मंगळवारच्या आधी तो परत माझ्या जागेवर आणायची नाहीस?”

आर्डिसने बाहीवरचा ॲपल पायचा कण बोटाने टिपला.

“सुरुवातीला खरंच विसरायचे,” ती म्हणाली.