सुलभा प्रकाशनाचे सर्वेसर्वा

आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत कुणाच्या हातात नवं पुस्तक दिसलं की परबकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पैसे कोणाचे?" पुस्तक कशावर आहे, कोणी लिहिलंय, हे सगळं नंतर. लेखकाने स्वतःच्या खिशातून छापलं, प्रकाशकाने छापलं, की दोघांनी मिळून एकमेकांना गंडवलं, हे कळल्याशिवाय काका पुस्तकाला हात लावत नाहीत. माझ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकाबद्दलही त्यांनी हेच विचारलं. सरकारचे म्हटल्यावर त्यांनी ते आदराने दोन्ही हातांत घेतलं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि कादंबरी लिहायला बसले. नाव 'सामायिक विहीर'. मालवणकडच्या दोन भावांचं एका विहिरीवरून भांडण होतं आणि ते चारशे पानं चालतं. हे मी ऐकीव सांगतोय, कारण विहिरीत उतरायचं धाडस वसाहतीत कोणीच केलेलं नव्हतं.

प्रकाशनाबद्दल काकांचा एक सिद्धान्त आहे. जुन्या पद्धतीचा प्रकाशक म्हणजे कांदेपोह्यांचं लग्न. येतात, बघतात, पोहे खातात आणि 'कळवतो' म्हणून जातात. स्वतः छापणं म्हणजे पळून जाऊन केलेलं लग्न, आनंदही आपला आणि भांडीकुंडीही आपणच घ्यायची. आणि हा मधला नवा प्रकार, अर्धा खर्च तुमचा अर्धा आमचा? "तो घरजावई रे. राबायचं आपण, दारावर पाटी सासऱ्याची."

तिन्ही लग्नं काकांनी करून पाहिली आहेत. पहिला प्रकाशक जुना, नावाजलेला. काका दर आठवड्याला फोन करत आणि तिकडून दर आठवड्याला 'वाचन चालू आहे' असं उत्तर येई. ज्या खात्याने माणसांना एका फोनसाठी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं, त्या खात्यातल्या माणसाला फोनवर ताटकळावं लागलं, यात मला थोडा दैवी न्याय दिसायचा. शेवटी 'लेखन चांगलं आहे, पण आमच्या यादीत बसत नाही' असा निरोप आला. काका आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. काकूंचं मत पडलं की इतकी शांतता घरात लग्नानंतर प्रथमच लाभली.

मग अंधेरीच्या एका थंडगार ऑफिसात दुसरी बोलणी झाली. तिथल्या मॅडमनी कॉफी पाजली आणि चांदी, सोनं, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं दाखवली. जणू पुस्तक छापायचं नव्हतं, नवरी मढवायची होती. काकांनी सोनं घेतलं. आपला अर्धा भरला आणि त्यांचा अर्धा कुठे दिसतोय ते शोधत राहिले. मुखपृष्ठ आलं तेव्हा त्यावर राजस्थानी पायऱ्यांची बारव होती आणि काठावर घागरा घातलेली बाई. मॅडम म्हणाल्या, विहिरीऐवजी तलाव केलात तर आणखी छान दिसेल. काकांनी तिथल्या तिथे काडीमोड घेतला.

उरलं पळून जाणं. काकांनी घरातच 'सुलभा प्रकाशन' काढलं. सुलभा म्हणजे काकू, ज्यांना ही बातमी बिल्डिंगच्या वॉचमनकडून कळली. पण नियम म्हणजे नियम. जेवणाच्या टेबलाच्या एका खुर्चीवर लेखक बसायचा, समोरच्या खुर्चीवर प्रकाशक. लेखक हस्तलिखित ठेवून उठायचा, प्रकाशक चष्मा बदलून ते बाजूला सारायचा. कित्येक महिने प्रकाशकाने लेखकाला लटकवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लगेच हो म्हटलं तर लेखकाला किंमत राहत नाही रे."

पुस्तक निघालं. नातेवाइकांनी कागदाची स्तुती केली. विक्री म्हणाल तर नाव घेण्यासारखी नव्हती. तेव्हा काकांना वितरणाची ती कल्पना सुचली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, कोणी वाट्या देतं, कोणी गाळणी. काकूंनी 'सामायिक विहीर' लुटली. एका दुपारीत चार इमारती. "कुठल्या प्रकाशकाची पोच आहे एवढी?" असं काका मला लिफ्टमध्ये अडवून विचारत होते.

काका एक गोष्ट विसरले. वाण वापरायचं नसतं, पुढे सरकवायचं असतं.

पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. माझी बायको काकूंच्या शेजारीच बसली होती. यजमानीणबाईंनी घाईघाईत, न बघता, हातात येईल ते वाण दिलं. काकूंच्या ओटीत 'सामायिक विहीर' पडली. न उघडलेली, पानाला पान चिकटलेली. काकू ती पदराखाली झाकून घरी घेऊन गेल्या. बायकोने हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

दोन दिवसांनी काकांनीच मला जिन्यात गाठलं. आवाज एवढा खाली की मला वाकावं लागलं. "साड्यांच्या खाली लपवलंय तिनं. मी बघितलं. मला कळलंय हे तिला सांगू नको हां. तिला वाईट वाटेल." एवढं बोलून ते भाजीची पिशवी सावरत निघून गेले.

रथसप्तमीला काकूंकडचं हळदीकुंकू होतं. आदल्या दिवशी मी सतरंजी द्यायला गेलो, तर काका आतून काकूंना मालवणीत म्हणाले, "गो, यंदा वाणाक डबे आण. पुस्तकां संपली."

दिवाणाखाली पुस्तकांचे खोके रचलेले मला दारातून दिसत होते. काकू रोज तिथला केर काढतात. त्यांनी एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"संपली? बरा झाला," त्या म्हणाल्या. "एक मी ठेवलंय. दुपारची वाचतंय."

काका खुर्ची ओढून काकूंसमोर बसले. ती लेखकाची की प्रकाशकाची, मला सांगता येणार नाही.

"खंय पोचलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"धाकट्यान रहाट तोडलो, थंय," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या. "पण मोठ्याचाच चुकला हां."