कृष्णाबाईंचा काढ्याचा नेम

एका जंगलात, मुलांनो, प्राणीसुद्धा उपासतापास करायचे. तिथे कृष्णाबाई नावाची अस्वलीण राहायची. तिच्या नवऱ्याला, नरहररावांना, एकदा मधमाश्यांनी फोडून काढलं. तेव्हा ती वडापुढे हात जोडून म्हणाली होती, "हे बरे झाले तर वर्षभर मध खाणार नाही." चौथ्या दिवशी नरहरराव उठून बसले. कृष्णाबाईंनी वर्षभर मधाला तोंड लावलं नाही. नरहररावांनी दोघांच्या वाटचा खाल्ला.

पुढे त्या जंगलात रक्ताचे आकडे निघाले. टेकडीवरचे कासववैद्य कानातून एक थेंब रक्त घ्यायचे. आईबापांकडून त्यात काय काय उतरलंय ते वाचायचे आणि शंभरातला एक आकडा सांगायचे. आकडा जेवढा मोठा, तेवढी हृदय बिघडायची भीती मोठी. पण एवढं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला वेळ कोणाला?

नरहररावांना ब्याण्णव मिळाले.

"अगं, ब्याण्णव!" धापा टाकत ते गुहेत शिरले. "माकडाला अठ्ठावीस! आमच्या घराण्यात एवढे कोणालाच पडले नव्हते!"

त्यांनी मोहाच्या फुलांचे लाडू वाटायला काढले. शेजारची कोल्हीण आली.

"कसले लाडू, भावोजी?"

"ब्याण्णव मिळाले!"

"अगं बाई!" कोल्हिणीने लाडू खाली ठेवला. "मग वैद्यबुवा किती दिवस म्हणाले?"

तिने सगळं समजावून सांगितलं आणि जाताना लाडू उचलून नेला. नरहररावांनी उरलेले लाडू झाकून ठेवले.

"वडील बोरीखाली गेले, काका करवंदीत गेले. दोघंही छातीला हात लावून. आता माझी पाळी. रक्तातच लिहिलंय, कोण खोडणार?"

 कृष्णाबाई तडक टेकडीवर गेल्या.

"रडू नका, बाई," कासववैद्य म्हणाले. "रोज सकाळी पेलाभर काढा. ज्यांचा आकडा मोठा, त्यांनाच याचा गुण जास्त येतो. जिथलं छप्पर जास्त गळतं, तिथेच शाकारल्याचा उपयोग जास्त, नाही का?"

कृष्णाबाई काढ्याच्या सालींचं गाठोडं घेऊन आल्या. काढा उकळला. नरहररावांनी नाक मुरडलं.

"लिहिलेलं काढ्याने पुसतं का? आणि किती कडू आहे!"

कृष्णाबाईंनी विचार केला. यांच्यासाठी उपास आपण करतो. प्रदक्षिणा आपण घालतो. मग काढाही आपणच घेऊ. त्यात काय मोठंसं?

आणि त्यांनी नेम धरला. पहाटे ओढ्यावर अंघोळ, वडाला पाणी, मग यांचं नाव मनात आणून पेलाभर काढा. डोळ्यांतून पाणी यायचं, पण थेंब सांडला नाही. तीन महिने.

तीन महिन्यांनी कासववैद्य दोघांना तपासायला आले. कृष्णाबाईंच्या छातीला कान लावून म्हणाले, "वा! पाडसाचं काळीज आहे." नरहररावांच्या छातीला कान लावला, काढला आणि पुन्हा लावला. मग नरहरराव पाणी आणायला उठले, तर धाप लागून दाराशीच टेकून बसले.

"काढा कोण घेतंय, बाई?"

"मी घेते."

"कोणासाठी?"

"यांच्यासाठी."

कासववैद्यांनी मान कवचात घेतली. 

"बाई," आतूनच आवाज आला, "उपास तुम्ही करा. त्याचं पुण्य कुठे पाठवायचं ते देव बघेल. काढ्याला तसं जमत नाही हो. तो ज्याच्या पोटात जातो, त्याच्याच कामाला येतो. तीन महिने वाया गेले. आणखी घालवू नका."

कृष्णाबाई खूप रडल्या. मग डोळे पुसून उठल्या आणि काढा उकळत ठेवला.

"अहो, आजपासून माझा नवा नेम. हा पेला तुमच्या पोटात गेल्याशिवाय मी पाणी पिणार नाही."

"हा काय हट्ट!"

"हट्ट नाही, व्रत आहे."

वैशाखाचे दिवस. नरहरराव पाठ फिरवून बसले. ऊन गुहेच्या तोंडाशी आलं. कृष्णाबाईंचे ओठ सुकले. त्या पेल्यासमोर बसून राहिल्या. दुपारी नरहररावांनी चोरून मागे पाहिलं.

"तू पाणी पी बघू आधी."

"तुम्ही आधी."

"घसा वाळलाय तुझा!"

"आणि तुमचं काळीज?"

नरहररावांनी पेला उचलला, डोळे मिटले आणि घटाघटा प्यायले. मग स्वतः उठून तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्यायले. तिला तहानलेली बघवेना.

वर्षभराने त्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा ऐकून भडकले.

"अहो वैद्य, वर्षभर कडू प्यायलो, तरी ब्याण्णव ते ब्याण्णवच?"

"तो आकडा जन्माचा. तो हलत नसतो."

"मग फायदा काय झाला?"

"नरहरराव," कासववैद्य म्हणाले, "आत्ता अख्खी टेकडी चढून येऊन तुम्ही एका दमात माझ्याशी भांडताय."

नरहररावांनी वळून खाली पाहिलं. कृष्णाबाई अजून अर्ध्या वाटेवर होत्या.

तात्पर्य : पतीच्या दीर्घायुष्यासाठी पत्नीने श्रद्धेने औषध घेतलं, तर आयुष्य नक्की वाढतं. पत्नीचं. तेव्हा मुलांनो, तुमच्याही घरी कोणी "रक्तातच आहे" म्हणत गोळी उशाशी ठेवून देत असेल, तर नवस जरूर बोला, पण आज गोळी त्यांच्याच तळहातावर ठेवा. आणि ती गिळेपर्यंत समोरून हलू नका.